होडी का आली नाही

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, हेब्रिडीज बेटांच्याही पलीकडे साठ-पासष्ट किलोमीटरवर, भर समुद्रात सेंट किल्डा हा बेटांचा पुंजका आहे. त्यातल्या हिर्टा बेटावर एकच गाव होते. झाड औषधालाही नाही, शेती जेमतेम. माणसे जगायची ती समुद्रपक्ष्यांवर. पुरुष दोराला लटकून अनवाणी कडे उतरत, पक्षी धरत, अंडी गोळा करत. मांस दगडी कोठारांत वाऱ्यावर वाळे आणि पिसे खंड म्हणून जमीनदार मॅक्लाउडकडे जात. शिकार गावात आली की तिचे घरटी वाटे पडत. ज्या घरात कडा उतरणारे कोणी उरले नाही, त्या घरातल्या विधवेला आणि म्हाताऱ्यालाही वाटा मिळे.

१७२७ च्या ऑगस्टमध्ये तीन पुरुष आणि आठ मुलगे गॅनेट पक्ष्यांची पिल्ले धरायला स्टॅक अ‍ॅन आर्मिनवर गेले. समुद्रातून सरळ वर आलेला हा सुमारे १९० मीटर उंचीचा सुळका. लाटेने होडी उचलली की नेमक्या क्षणी उडी मारून खडक गाठायचा. अकरा जण उतरले, होडी परतली. थोड्या दिवसांनी ती त्यांना न्यायला येणार होती.

ती आलीच नाही. एवढा इतिहास आहे. सुळक्यावर झालेले बोलणे मात्र कथेतले.

समोर हिर्टाचा डोंगर दिसे, गाव त्याच्या आड. थंडी पडली, वादळे सुरू झाली. दगडी खोपटात अकरा जण दाटीवाटीने झोपत. पक्षी आणि मासे एवढेच अन्न. एके दिवशी धाकटा मुलगा भडकला.

"काका, विसरले ते आपल्याला! ते घरी शेकत बसलेत आणि मी इथे त्यांच्या वाट्याची पिसे काढू? नाही काढणार."

थोरल्याने हातातला पक्षी खाली ठेवला. "तुझी आई तुला विसरेल?"

"आई नाही. बाकीचे विसरतील."

"होडी आई एकटी वल्हवते का रे? बाकीचेच वल्हवतात. ते येत नाहीत, म्हणजे त्यांना येता येत नसेल."

"का येता येत नाही?"

"ते मला इथून कसे दिसणार? मध्ये डोंगर आहे. पण ठाऊक नाही म्हणून त्यांच्या नावावर वाईट तरी का मांडू? काढ पिसे."

मुलगा धुमसत राहिला, पण पिसे काढत राहिला. गावाचा ढीग वाढत गेला.

पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात होडी आली, ती जमीनदाराच्या कारभाऱ्याची. तेव्हा उलगडा झाला. गावचा एक माणूस परमुलखात, हॅरिस बेटावर वारला होता. त्याचे कपडे घरी आणले आणि त्यांच्याबरोबर देवीची साथ आली, असे सांगतात. अकरा जण सुळक्यावर असताना इकडे घरेच्या घरे ओस पडली. होडी समुद्रात लोटायला पुरेसे धडधाकट हात गावात उरले नव्हते. उरली होती ती बहुतेक पोरकी मुले. पुढे जमीनदाराला बाहेरून कुटुंबे आणून बेट पुन्हा वसवावे लागले.

धाकट्याने गावाचा ढीग होडीत चढवला. ज्यांच्यावर तो हिवाळाभर चिडला होता, त्यांतल्या कितीकांना आता वाटा घ्यायचाच नव्हता. पण पोरक्या मुलांना तो हवा होता, आणि तो तयार होता.

तात्पर्य: कोणाचे उत्तर आले नाही, मदत आली नाही, की आपण लगेच दोष ठरवून मोकळे होतो. त्याच्यापुढे काय उभे आहे ते आपल्याला दिसत नसते. थोरल्यालाही दिसत नव्हते. त्याचा अंदाज चुकूही शकला असता. पण चुकला असता तरी नुकसान थोडेच होते, कारण त्याच अंदाजाने आठ पोरांना हिवाळाभर कामाला लावून सांभाळले. तेव्हा माणसाबद्दल कळेपर्यंत चांगले धरून चालावे, आणि त्याचा वाटा बाजूला काढून ठेवावा.