यजमानाचे अभय

क्रिकेटची आंतरराष्ट्रीय स्पर्धा कोणत्या देशात भरवावी, हे आता मैदाने, हवामान आणि दूरचित्रवाणीचे हक्क यांच्याइतकेच सुरक्षेच्या अहवालावर ठरते. हा अहवाल तज्ज्ञ लिहितात, क्रिकेट मंडळे वाचतात, आणि बहुधा तो कधीच प्रसिद्ध होत नाही. त्यामुळे पुलाची भारक्षमता मोजावी तसा कोणीतरी धोका मोजला असेल, अशी आपली समजूत होते. वस्तुतः या तांत्रिक भाषेखाली एक फार जुना नैतिक प्रश्न आहे. बोलावणाऱ्याने पाहुण्याला कशाचे अभय द्यावे, आणि ते नाकारण्याचा पाहुण्याचा अधिकार कोठवर पोहोचतो? या प्रश्नाचा विचार तंजावरपासून सुरू करावा असे मला वाटते. तेथे कसोटी सामन्यांचे मैदान नाही. परंतु यजमानपणाची दोन अगदी विरुद्ध रूपे त्या एका गावाच्या इतिहासात सापडतात.

पहिले रूप मराठी राजांच्या काळातले आहे. १७९९च्या तहाने तंजावरचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. दुसऱ्या सरफोजीराजांकडे किल्ला आणि त्याभोवतालचा थोडा मुलूख एवढेच उरले. रामेश्वराच्या वाटेवरची अन्नछत्रे आपल्याकडेच राहावीत म्हणून राजांनी १८०१मध्ये इंग्रज रेसिडेंटला एक पत्र लिहिले. राज्य गेलेला राजा ज्या तपशिलाने त्या पत्रात छत्रांविषयी बोलतो, तो तपशील मनात राहतो. जातपात न पाहता वाटसरूंना अन्न मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला आहे काय, याची हाक दिली जाई. आजारी वाटसरू बरा होईपर्यंत तेथेच राही, आणि जो मरेल त्याचे अंत्यसंस्कार त्याच्या रीतीप्रमाणे होत. छत्रात वैद्य असत, आणि त्यांत विषबाधा व सर्पदंश यांवर उपचार जाणणाराही असे.

हा सर्पदंशाचा वैद्य मला महत्त्वाचा वाटतो. तो ठेवणे म्हणजे आमच्या वाटेवर साप आहेत, असे यजमानाने कबूल करणे. ‘या, येथे कसलेही भय नाही’ असे छत्र कधी म्हणाले नाही. भय आहे, पण ते तुमच्या एकट्याचे राहणार नाही, एवढेच त्याचे आश्वासन होते. आजची क्रिकेट मंडळे ज्याला हमी म्हणतात ती याच्या उलट असते. तीत धोका शून्य असल्याचे सांगावे लागते, कारण एका सापाची कबुली दिली की स्पर्धाच हातची जाते.

आता कोलंबो. ३१ जानेवारी १९९६ रोजी तेथील सेंट्रल बँकेवर स्फोटकांनी भरलेला ट्रक आदळविण्यात आला. नव्वदाच्या आसपास माणसे मेली, हजाराहून अधिक जखमी झाली. दोनच आठवड्यांनी भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका यांच्या संयुक्त यजमानपदाखाली विश्वचषक सुरू व्हायचा होता. ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडिज यांनी कोलंबोत खेळण्यास नकार दिला. ते सामने श्रीलंकेला न खेळताच बहाल झाले. झिंबाब्वे आणि केनिया मात्र श्रीलंकेत जाऊन खेळले. त्याआधी, १३ फेब्रुवारीला, भारत आणि पाकिस्तान यांच्या खेळाडूंचा एक संयुक्त संघ अझरुद्दीनच्या नेतृत्वाखाली कोलंबोत उतरला आणि केवळ सद्भावनेसाठी एक सामना खेळला. कालुवितरणाचा झेल सचिन तेंडुलकरने वासिम अक्रमच्या गोलंदाजीवर घेतला, ही धावफलकावरची नोंद तो सामना पाहिलेल्या पिढीला आजही आठवते.

त्या वेळी आपल्याकडे ऑस्ट्रेलियावर रोष होता, आणि त्याला आधार नव्हता असे नाही. कोलंबोतील स्फोटानंतर नऊच दिवसांनी, ९ फेब्रुवारीला, आयरिश रिपब्लिकन आर्मीने युद्धविराम मोडून लंडनच्या गोदी भागात मोठा स्फोट घडविला. तरीही इंग्लंडला जाऊ नये असे कोणी सुचविले नाही. त्या उन्हाळ्यात भारताचा संघही तेथे खेळला. १५ जूनला मँचेस्टर शहराच्या मध्यभागी आणखी मोठा स्फोट झाला, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच शहरात युरोपीय फुटबॉल स्पर्धेचा सामना ठरल्याप्रमाणे पार पडला. पुढे ७ जुलै २००५ रोजी लंडनच्या भुयारी रेल्वेत बाँब फुटले, त्याच दिवशी लीड्सला इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांचा एकदिवसीय सामना चालू होता. ऑस्ट्रेलियाचा दौराही पुरा झाला. मग कोलंबोने काय केले होते?

येथे थोडे न्यायाने बोलले पाहिजे. दोन्ही शहरांतील प्राणहानीत फार मोठे अंतर होते. शिवाय त्याआधीच्या मोसमात मुरलीधरनची गोलंदाजी सदोष ठरविली गेल्यावरून कटुता वाढली होती आणि ऑस्ट्रेलियाच्या संघातील काहींना जिवाच्या धमक्या आल्या होत्या. भिणाऱ्याला ‘भिऊ नकोस’ असे फर्मावण्याचा अधिकार कोणालाच नसतो; धैर्य ज्याचे त्याने करायचे असते, दुसऱ्याच्या वतीने ते करता येत नाही. तरी एक गोष्ट खटकते. लंडनचा धोका हा घरातल्या दुखण्यासारखा, येणारा-जाणारा मानला गेला, आणि कोलंबोचा धोका मात्र त्या देशाचा स्वभाव ठरला. नकार देणारा स्वतःच्या घराला जी मोजपट्टी लावतो तीच त्याने दुसऱ्याच्या घराला लावली होती की नाही, हा प्रश्न म्हणून उरतोच.

इथवर युक्तिवाद सोपा आहे, आणि आपल्या बाजूने आहे. लाहोरने तो अवघड केला. १७ मार्च १९९६ रोजी लाहोरच्या गद्दाफी स्टेडियममध्ये ऑस्ट्रेलियाचाच पराभव करून श्रीलंकेने विश्वचषक जिंकला. पुढे मुंबईवरील हल्ल्यानंतर भारताने आपला २००९चा पाकिस्तानचा दौरा रद्द केला. तेव्हा भारताच्या जागी जाण्याचे श्रीलंकेने मान्य केले. राष्ट्रप्रमुखांना असते तशी सुरक्षा देण्याचे आश्वासन होते. ३ मार्चला त्याच गद्दाफी स्टेडियमकडे निघालेल्या त्यांच्या बसवर बंदुकधाऱ्यांनी हल्ला केला. सहा पोलीस मारले गेले, आणखी दोघे नागरिक मृत्युमुखी पडले. त्यांत पंचांच्या गाडीचा चालक होता. खेळाडू जखमी झाले. बसचा चालक थांबला नाही, गोळीबारातून गाडी मैदानापर्यंत नेत राहिला, म्हणून ते वाचले.

ज्यांच्याकडे कोणी जाण्यास तयार नव्हते, त्यांनीच दुसऱ्याच्या दारी कोणी जाईना तेव्हा जाण्याचे धैर्य दाखविले, आणि गोळ्या त्यांच्यावर झाडल्या गेल्या. १९९६मधील आपला रोष आठवून मी हा प्रसंग वाचतो तेव्हा त्या रोषाचा एक भाग मला गळून पडलेला दिसतो. ‘आम्ही गेलो, तुम्ही का नाही?’ हे वाक्य गेलेला माणूस सुखरूप परत आला तरच शोभते. सद्भावना हे कवच नव्हे. यजमानाची प्रतिष्ठा पाहुण्याने आपल्या देहाने राखावी, अशी अपेक्षा करण्यात यजमान काहीतरी चोरतो आहे. आणि त्या दिवशी ज्यांनी खरोखर अभय दिले ते आश्वासन देणारे अधिकारी नव्हते. ते पोलीस होते, आणि बसचा चालक. सरफोजीराजांच्या पत्रातील वैद्याची जात त्यांची.

तंजावरचे दुसरे रूप याच श्रीलंकेशी निगडित आहे. १९९१पर्यंत नागपट्टणमचा किनारा तंजावर जिल्ह्यातच होता. वेदारण्यम आणि कोडियक्करईपासून पाल्कची सामुद्रधुनी ओलांडली की जाफना. त्या यादवीतले निर्वासित आणि बंडखोर दोघेही तामिळनाडूच्या किनाऱ्याने पाहिले. कोलंबो असुरक्षित आहे की नाही ही चर्चा मेलबर्नला एका अहवालापुरती होती. येथे ती नातलगांविषयीची होती. मे २००९मध्ये ते युद्ध हजारो तमिळ नागरिकांच्या मृत्यूनंतर संपले, आणि त्या मृत्यूंची छायाचित्रे व वृत्ते पुढे वर्षानुवर्षे येत राहिली. त्यातून उपजलेला संताप खोटा नव्हता. परंतु तो उतरला कोणावर, हे पाहण्यासारखे आहे. सप्टेंबर २०१२मध्ये तंजावर जिल्ह्यातील पूंडी माता चर्चला आलेल्या श्रीलंकन यात्रेकरूंविरुद्ध निदर्शने झाली, आणि परतीच्या वाटेवर तिरुचिरापल्लीला त्यांच्या बसगाड्यांवर दगड पडले. तामिळनाडूत जाऊ नये, असा इशारा श्रीलंकेने आपल्या नागरिकांना दिला. मार्च २०१३मध्ये अभ्यासासाठी आलेल्या गटातील एका श्रीलंकन बौद्ध भिक्षूला तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या परिसरात मारहाण झाली. भोसल्यांच्या वंशाचा इतिहास सरफोजीराजांनी मराठीत जेथे कोरून घेतला, ते हे मंदिर. आणि ज्या यात्रेकरूंना जेवू घालण्यासाठी ते पत्र लिहिले गेले, त्यांच्या वाटेवरचे हे गाव.

त्याच महिन्यात मुख्यमंत्री जयललिता यांनी पंतप्रधानांना कळविले, की श्रीलंकेचे खेळाडू असतील तर आयपीएलचे सामने चेन्नईत होऊ दिले जाणार नाहीत. आयोजकांनी ते मानले. त्या वर्षी श्रीलंकेचे खेळाडू चेन्नईत खेळले नाहीत. त्यांत मुथय्या मुरलीधरन होता: कँडीचा तमिळ, चेन्नईचा जावई, आणि त्याआधी तीन मोसम चेन्नईच्याच संघातून खेळलेला. तमिळांच्या नावाने जो दरवाजा बंद झाला, त्याच्या बाहेर जगातला सर्वांत प्रसिद्ध तमिळ क्रिकेटपटू उभा राहिला. राग आहे म्हणून येऊ नका, असे म्हणणारा यजमान निदान प्रामाणिक तरी असतो. ‘तुमच्या जिवाची हमी देता येत नाही’ असे म्हणणारा मात्र स्वतःच्या अंगणातील दगडांना हवामानासारखी बाह्य आपत्ती ठरवितो.

चेन्नईला हे शोभले नाही, कारण चेपॉकला याहून चांगले माहीत होते. ३१ जानेवारी १९९९ रोजी, योगायोगाने कोलंबोच्या स्फोटाचीच तारीख, पाकिस्तानने भारताला बारा धावांनी हरविले आणि चेपॉकच्या प्रेक्षकांनी उभे राहून विजेत्यांसाठी टाळ्या वाजविल्या. त्याच महिन्यात दिल्लीच्या कोटला मैदानाची खेळपट्टी उखडली गेली होती. डिसेंबर २००८मध्ये मुंबईवरील हल्ल्यानंतर मायदेशी गेलेला इंग्लंडचा संघ परत आला आणि पहिली कसोटी चेपॉकलाच झाली. मराठी वाचकाने तामिळनाडूला बोल लावताना मात्र जपून असावे. १९९१मध्ये शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी उखडली आणि पाकिस्तानचा दौरा रद्द झाला. २०१३च्या महिला विश्वचषकात पाकिस्तानच्या मुलींचे सामने विरोधाच्या भीतीने मुंबईहून कटकला हलवावे लागले. राहण्याची सोयही तेथील मैदानाच्या आवारातच करावी लागली. छत्रांची परंपरा सांगणाऱ्या लोकांनी हे आठवावे.

अलीकडे यावर एक व्यावहारिक तोड निघाली आहे. २०२५ची चॅम्पियन्स करंडक स्पर्धा पाकिस्तानात झाली, पण भारत आपले सारे सामने दुबईत खेळला. भारत अंतिम फेरीत पोहोचला म्हणून अंतिम सामनाही दुबईलाच गेला. २०२४चा महिलांचा टी-ट्वेंटी विश्वचषक बांगलादेशातील उलथापालथीनंतर संयुक्त अरब अमिरातीत हलविण्यात आला, आणि ते त्या क्षणी बरोबरच होते. मात्र अशा व्यवस्थेत यजमान नावालाच उरतो. कोणी कोणाच्या घरी जात नाही. सगळे एका स्वच्छ, थंड, भाड्याच्या सभागृहात भेटतात. धोका टळतो, आणि त्याबरोबर पाहुणा होण्याचा प्रसंगही टळतो.

पाहुण्याकडून काय मागता येईल, याचे उत्तर मला दोन संघांच्या वागण्यात दिसते. १७ सप्टेंबर २०२१ रोजी न्यूझीलंडचा संघ रावळपिंडीला पहिला सामना सुरू होण्याच्या थोडे आधी दौरा सोडून निघाला. धमकी नेमकी काय होती हे यजमानांना सांगितले गेले नाही. निघण्याचा त्यांचा हक्क मी मान्य करतो. पण ज्या घरातून आपण भिऊन निघतो, त्या घरातली माणसे मागे तेथेच राहतात. कशाची भीती वाटली हे त्यांना सांगणे, हे पाहुण्याचे ऋण आहे.

दुसरा संघ बांगलादेशचा. १५ मार्च २०१९ रोजी हा संघ न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्चच्या नूर मशिदीत शुक्रवारच्या नमाजासाठी निघाला होता, आणि पोहोचण्यास काही मिनिटांचा उशीर झाला म्हणून वाचला. त्या दिवशी दोन मशिदींत एक्कावन्न माणसे मारली गेली. कसोटी रद्द झाली आणि खेळाडू घरी परतले. न्यूझीलंडला यजमानांच्या यादीतून काढावे, असे बांगलादेशने म्हटले नाही. मार्च २०२१मध्ये त्यांचा संघ पुन्हा न्यूझीलंडला गेला. जानेवारी २०२२च्या दौऱ्यात त्यांनी माउंट माँगनुईची कसोटी जिंकली, आणि पुढची कसोटी ते हॅग्ली ओव्हलवर खेळले. हे मैदान नूर मशिदीपासून जवळच आहे.