पाहण्याची मर्यादा

एखादी वस्तू नुसती पाहिल्याने तिचे काय बिघडते? फूल खुडणे आणि फूल पाहणे यांत आपण भेद करतो आणि पाहणाऱ्यास निर्दोष ठरवून मोकळे होतो. परंतु पाहण्यासाठी जेव्हा दुसऱ्याच्या घरात शिरावे लागते, तेव्हा हा निर्वाळा इतक्या सहजपणे देता येईल काय?

मालवणच्या समुद्रात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा आहे. १६६४ मध्ये शिवछत्रपतींनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी आरंभिली. शत्रूच्या गलबतांना दूर ठेवणाऱ्या तेथील खडकांच्या आश्रयाने प्रवाळही वाढले आहे. आज डोळ्यांवर काचेचा मुखवटा आणि तोंडात श्वासाची नळी घेऊन पर्यटक तेथे पाण्यात उतरतात. या प्रकारास स्नॉर्केलिंग म्हणतात. पोहता न येणारी, आपल्यासारखी समुद्रापासून दूर राहणारी माणसेही जॅकेटच्या आधाराने तरंगत तळाकडे पाहू शकतात.

तळाशी जे दिसते, ते प्रथमदर्शनी दगडच वाटते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार पाहत आलेल्या आपल्या मुलखातील माणसाला तर दगड म्हणजे निर्जीवपणाची परिसीमा. पण हा दगड जिवंत आहे. ती असंख्य इवल्या प्राण्यांची वसाहत असून चुन्याचे घर ते स्वतःच रचतात. त्यांच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करून त्यांना पुरवते. गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढते. क्षणभर टेकलेला पाय कित्येक वर्षांची वाढ मोडू शकतो, आणि मोडणाऱ्याला त्याची जाणीवही होत नाही.

मग जाऊच नये काय? असे म्हणणेही एकांगी ठरेल. जे कधी पाहिलेच नाही, त्याविषयी जिव्हाळा कोठून उत्पन्न होणार? शिवाय त्या पर्यटनावर किनाऱ्यावरील अनेक कुटुंबांची चूल पेटते. मात्र येथे न्यायाचा एक मुद्दा आहे. १९८७ मध्ये येथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले, तेव्हा आपल्या उपजीविकेच्या चिंतेने मच्छीमारांनी त्यास विरोध केला. शासकीय सेवेत आयुष्य घालविल्यामुळे मला असे वाटते की, कोणताही निर्बंध ज्याचे पोट त्यावर अवलंबून आहे त्याच्याआधी ज्याची केवळ हौस आहे त्याला लागू व्हावा. जाळे टाकणाऱ्याने थांबावे आणि मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पावाचे तुकडे टाकणाऱ्याने मात्र मोकळे असावे, हा न्याय नव्हे.

हवाई बेटांतील हनौमा उपसागराचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. १९६७ पासून तेथील सागरी जीवांना संरक्षण आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी येणाऱ्याला माहितीपट पाहावा लागतो, आणि आठवड्यातून दोन दिवस उपसागर पर्यटकांसाठी बंद असतो. निसर्गालाही विसाव्याचा दिवस देणे, ही कल्पना पोळ्याला बैलाच्या खांद्यावरून जू उतरविणाऱ्या समाजाला परकी वाटू नये.

अर्थात, घरी बसून राहिल्याने आपण निर्दोष ठरतो असेही नाही. समुद्र तापला की प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकते, पांढरे पडते आणि ताप टिकला तर मरते. १९९८ मध्ये जगभर असे घडले; एप्रिल २०२४ मध्ये अशा चौथ्या जागतिक संकटाची नोंद झाली. त्या तापात सौंसर-पांढुर्ण्यातील आपल्या वाहनांचा आणि विजेचाही वाटा आहे. म्हणजे न पाहतासुद्धा आपण त्या घराला धक्का लावीतच असतो. मग निदान पाहून तरी शहाणे व्हावे.

भोसल्यांच्या राज्यापासून या मुलखात स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांना वस्ती करणारा आणि पाहुणा यांतील भेद सांगावयास नको. संत्र्याच्या बागेत आलेल्या पाहुण्याला आपण आनंदाने बाग दाखवितो. पण बहराच्या दिवसांत फांदी वाकवून पाहू देत नाही, आणि भला पाहुणाही तसा आग्रह धरीत नाही. पाहण्याचा अधिकार नाकारण्याचे कारण नाही. मात्र, थोडे कमी दिसले तरी चालेल, असे ज्याला मनापासून म्हणता येते, त्यालाच तो अधिकार शोभतो.