उतरलेले वजन कोणाचे?

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव आज लोकांना ठाऊक आहे ते कांद्याच्या बाजारामुळे आणि सभोवारच्या गुऱ्हाळांमुळे. माझ्या मनात मात्र या गावाचे स्थान निराळ्याच कारणाने निश्चित झाले आहे. येथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे, आणि येथेच नारायण महाराजांच्या वास्तव्याने प्रसिद्धीस आलेले केडगाव बेटाचे दत्तस्थान आहे. ख्रिस्ती धर्माने रमाबाईंना जे शिकवले आणि दत्तसंप्रदाय बेटावर येणाऱ्या भाविकाला जे शिकवतो, त्यांतील देवता, ग्रंथ आणि आचार यांचा परस्परांशी कोठेही मेळ बसत नाही. तथापि मनुष्याची सुटका निव्वळ त्याच्या स्वतःच्या पराक्रमाने होत नसून तीत कोणाच्या तरी कृपेचा हात असावा लागतो, एवढ्यापुरते दोन्हींचे एकमत आहे. अशा गावाच्या शिवारात, ऊसवाल्या घरात दिलेल्या माझ्या मामेबहिणीने मला एक प्रश्न विचारला, आणि तो वैद्यकाचा असूनही मला वैद्यकापुरता वाटला नाही.

तिचे वजन ११८ किलो होते. मधुमेह होता, गुडघे कुरकुरत होते, रात्री झोपेत श्वास अडकून ती दचकून उठत असे. पुष्कळ पथ्ये झाली, काढे झाले, दोनदा तर पंधरा-पंधरा किलो वजन उतरवून ते व्याजासकट परत आले. शेवटी पुण्यास नेऊन दुर्बिणीतून पोट लहान करण्याचे ऑपरेशन करविले. चौदा महिन्यांनी काट्यावर ८४ किलो दिसले. गावातील बायकांनी प्रथम "आजारी होतीस का गं?" असे विचारले, आणि खरे कारण कळल्यावर "पैसे टाकले नि आयतं उतरवलं" असा निकाल देऊन टाकला. त्यानंतर एके संध्याकाळी ओट्यावर बसून ती मला म्हणाली, "दादा, हे वजन मी उतरवलं का डॉक्टरांनी? ह्यात माझं काहीच नाही का?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी मी वस्तुस्थितीची रुजुवात घालण्याचा प्रयत्न केला. पुष्कळांची समजूत अशी असते की या शस्त्रक्रियेत चरबी कापून काढतात. तसे काहीच होत नाही. तिच्यावर झालेल्या 'स्लीव्ह' पद्धतीत जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून केळ्याएवढी नळी मागे ठेवतात; 'बायपास' पद्धतीत जठराची लहानशी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागास जोडतात. पहिले काही दिवस केवळ पातळ पेये, मग पेज, ताक, वरण, मग कुस्करलेले मऊ अन्न, असे करीत दीड-दोन महिन्यांनी मनुष्य साध्या जेवणावर येतो, आणि ते जेवणही वाटीभर. वजन पहिल्या सहा महिन्यांत झपाट्याने उतरते, बारा ते अठरा महिन्यांत तळ गाठते, आणि ती घट साधारणतः मूळ वजनाच्या पाव हिश्श्यापासून तीस टक्क्यांपर्यंत असते. म्हणजे १२० किलोंच्या माणसाने ८५ ते ९० किलोंची अपेक्षा धरावी. लग्नाच्या फोटोतील देहाची धरू नये. वाटेत काटा आठवडेच्या आठवडे एका जागी अडून बसतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून केस गळू लागतात व बहुधा पुन्हा येतात. दंडाची व पोटाची त्वचा सैल होऊन लोंबते. वजन वेगाने उतरल्याने काहींना पित्ताशयात खडे होतात. आणि ब-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि रक्ताच्या तपासण्या जन्माच्या सोबतीला येतात. दोन वर्षांनंतर काही किलो परतही येतात. स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे २००० लोकांचा दीर्घकाळ मागोवा घेण्यात आला. त्यांत वीस वर्षांनंतरही सरासरी १८ टक्के घट टिकून होती, आणि शस्त्रक्रिया न झालेल्या तशाच स्थूल लोकांपेक्षा त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण कमी होते. माझ्या बहिणीचे ८४ किलो हे या हिशेबात अगदी चोख बसते.

आता गावाच्या निकालाकडे वळू. 'आयतं' या एका शब्दात एक संपूर्ण नीतिशास्त्र दडलेले आहे, आणि ते असे की देह स्थूल होणे हा जिभेचा अपराध, कृश होणे हे संयमाचे पुण्य, आणि म्हणून जे पुण्य स्वतः कमावले नाही ते उसने, किंबहुना चोरीचे. हे नीतिशास्त्र मला मान्य नाही. १९९९ साली कोजिमा आणि कांगावा या जपानी संशोधकांनी जठरातून स्रवणारे, भूक चेतविणारे 'घ्रेलिन' नावाचे द्रव्य शोधून काढले. आणि तीनच वर्षांनी अमेरिकेत असे दिसून आले की पथ्याने वजन उतरविणाऱ्यांच्या रक्तात हे द्रव्य सुमारे २४ टक्क्यांनी वाढते, तर बायपास झालेल्यांत ते अत्यंत खाली राहते. स्लीव्हमध्ये तर हे द्रव्य मुख्यत्वेकरून जेथून स्रवते तो जठराचा वरचा घुमटच काढला जातो. याचा अर्थ असा, की माझी बहीण पंधरा किलो उतरवून पुन्हा चढवीत होती तेव्हा तिची इच्छाशक्ती शेजारणीपेक्षा दुबळी नव्हती. तिला शेजारणीपेक्षा अधिक भूक लागत होती, आणि जितके वजन उतरे तितकी ती भूक वाढत जाई. जिला अधिक भूक लागते तिचा संयम, कमी भूक लागणारीच्या मापाने मोजण्याचा अधिकार कोणाला आहे?

भुकेची ही गोष्ट केडगावात तरी कोणी विसरू नये. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण ही तिघेही १८७४ च्या सुमारास सुरू झालेल्या दुष्काळात अन्नावाचून खंगून गेली. स्वतः रमाबाई त्यातून जेमतेम वाचल्या. म्हणूनच १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो उपाशी मुली उचलून आणल्या आणि त्यांना केडगावच्या माळावर आसरा दिला. आपण त्याच उपाशी मुलुखाची लेकरे आहोत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत माता व अर्भके यांचा जो अभ्यास चालविला, त्यात तेथील बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधील बाळांहून कितीतरी लहान, पण अंगावरील चरबी मात्र त्यांच्या मानाने राखून असलेली आढळली. कृश दिसणाऱ्या देहातही चरबीचा साठा! आशियाई लोकांना मधुमेह कमी वजनावरच गाठतो, आणि याच जाणिवेतून २०२२ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांत या शस्त्रक्रियेचा विचार त्यांच्यासाठी देहभार-निर्देशांक २७.५ पासूनच करावा असे सांगितले आहे. गर्भात मिळालेली टंचाई देह पुढे आयुष्यभर ध्यानात ठेवतो, या मताला अलीकडे पुष्कळ आधार मिळाला आहे. आणि ते मत ग्राह्य धरले तर माझ्या बहिणीच्या ११८ किलोंत तिच्या पणजीच्या रिकाम्या पोटाचाही काही वाटा असू शकेल. कर्मविपाकाचा सिद्धांत मांडणाऱ्यांनी निदान ही एक बाकी एकट्या व्यक्तीच्या नावे टाकू नये, असे मला मनापासून वाटते.

मग कर्तृत्व कोणाचे? येथे मला दक्षिणेकडील श्रीवैष्णव आचार्यांचा जुना वाद साहाय्यास येतो. मांजरीचे पिल्लू काहीच करीत नाही, आई त्याला तोंडात धरून नेते. माकडिणीचे पिल्लू मात्र आईच्या पोटाला स्वतः घट्ट बिलगते, आणि हात सुटला तर पडते. ईश्वरी कृपा यांपैकी कोणत्या रीतीची, यावर त्या संप्रदायाचे दोन तट पडले. मला दिसते ते असे, की या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले वर्ष-दीड वर्ष हे मार्जारकिशोराचे असते. भूकच निवालेली, चार घासांत तृप्ती. वजन उतरते ते जणू कोणी उचलून न्यावे तसे. परंतु ही मोहलत आहे, आणि मोहलतीला मुदत असते. पुढे भूक हळूहळू जागी होते, नळी थोडी सैलावते, देह गेलेले वजन परत मागू लागतो. आणि तेथून मर्कटकिशोराचे आयुष्य सुरू होते. प्रथिने आधी, भात नंतर, घास चावून चावून, रोजचे चालणे, चुकवता न येणाऱ्या गोळ्या. पहिल्या वर्षाचे श्रेय सर्वस्वी आपले मानणारा पुढे गाफील राहतो, आणि पुढे परत आलेल्या चार-पाच किलोंना सर्वस्वी आपले पाप मानणारा खचून जातो. दोघांचाही हिशेब चुकतो.

मात्र एक गोष्ट शस्त्राला साधत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात की निराहारी पुरुषापासून विषय दूर होतात, पण त्यांतील रस मागे उरतो. मी हे वचन पूर्वी अनेकदा वाचले होते. त्याचा अर्थ मला कळला तो गुऱ्हाळावर. चुलवाणावरच्या काहिलीत रस उकळत होता, काकवीचा वास सुटला होता, आणि माझ्या बहिणीचे डोळे भरून आले. भूक नव्हती, एक वाटी काकवी घेतली असती तर मळमळ, घाम, छातीत धडधड अशी अवस्था होण्याची भीती होती, बायपास झालेल्यांना तर ती फारच अधिक असते, तरीही माहेरच्या हिवाळ्यांची, आईने बोटावर दिलेल्या काकवीची ओढ जशीच्या तशी होती. भूक पोटातून काढता येते, रस काढता येत नाही. पुष्कळांना शस्त्रक्रियेनंतर एक अनामिक पोरकेपणा ग्रासतो, दुःखात जवळ करण्याचे एक जुने माणूस गेल्यासारखा. काहींच्या बाबतीत ती जागा मद्य घेते. म्हणून शल्यविशारदाच्या शेजारी मनाचा वैद्यही हवा. सहाव्या अध्यायावरील ज्ञानेश्वरांचे विवेचन वाचताना मला त्यातील दयाळूपणाच अधिक जाणवतो. आहाराला माप असावे असे सांगताना, हट्टाने तहानभूक कोंडून ठेवणाऱ्यालाही ते योगाच्या बाहेरच ठेवतात.

ओट्यावरच्या त्या संध्याकाळी मी तिला एवढेच म्हणालो, की वजन उतरवले डॉक्टरांनी, आणि आता राखते आहेस तू. तिचे त्याने पुरते समाधान झाले नाही. तिची खरी अडचण निराळी होती, आणि ती तिने बऱ्याच वेळाने सांगितली. ती लहानपणापासून एकादशी करीत आली होती. डॉक्टरांनी निर्जळी उपवासास मनाई केली होती, पाणी आणि प्रथिने चुकवायची नव्हती, ते तिला मान्यच होते. पण भूकच लागत नसताना न जेवणे हा उपवास कसा, देवाला आपण काय दिले, असे तिला वाटे, आणि गेले वर्षभर प्रत्येक एकादशीला ती मनातून ओशाळलेली असे. माझ्यापाशी याचे उत्तर नव्हते.

ऑपरेशनला दोन वर्षे होऊन गेल्यावर कार्तिकात तिचा फोन आला. काटा ८७ वर गेला होता, आहारतज्ज्ञ बाईंकडे पुन्हा जाऊन आली होती, चालणे वाढवले होते, हे सगळे तिने सांगितले. मग क्षणभर थांबून म्हणाली, "दादा, आज एकादशी. सकाळपासून भूक लागलीय." तिच्या आवाजात भीती होती, आणि त्या भीतीच्या आड, मला नीट ओळखू यावा असा, आनंदही होता.