अंगणातील हिम आणि शेजाऱ्याचे दार

साधनाची निवड ही वरवर पाहता केवळ व्यवहाराची बाब. परंतु साधन निवडताना मनुष्य आपल्या गरजेची आणि आपल्या कर्तव्याची सीमाही ठरवीत असतो. अमेरिकेतील बोस्टनसारख्या थंड प्रदेशी स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांपुढे हिवाळ्यात उभा राहणारा एक प्रश्न या दृष्टीने मननीय आहे: घरापुढील हिम हटविण्यास यंत्र घ्यावे काय, आणि घ्यावे तर कोणते?

या यंत्रास तेथे 'स्नो-ब्लोअर' म्हणतात. कॅनडातील क्वेबेक प्रांतात आर्थर सिकार याने १९२५ साली असे यंत्र प्रथम रस्त्यांसाठी सिद्ध केले. आज घरगुती यंत्रांचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात एकच फिरते पाते जमिनीस लागून हिम ओढते आणि बाहेर भिरकावते. फरसबंद आखूड वाट व वीतभराहून कमी हिम यांस ते पुरे. दुसऱ्यात मळसूत्री पाते हिम गोळा करते आणि मागील पंखा ते दूर फेकतो. खडीच्या वाटेस व खोल हिमास हेच योग्य.

आखूड वाटेच्या धन्याने केवळ शेजाऱ्याकडे आहे म्हणून मोठे यंत्र घेणे हा अहंकार होय. परंतु ओले, जड हिम फावड्याने उपसताना हृदयावर मोठा ताण पडतो. तेव्हा वृद्धाने स्वावलंबनाच्या अभिमानापोटी यंत्र नाकारणे हाही अहंकारच.

खरा धर्मप्रश्न याच्या पुढे आहे. यंत्राने हिम नाहीसे होत नाही. ते केवळ जागा बदलते. बोस्टनच्या नियमानुसार हिमवर्षाव थांबल्यावर तीन तासांत, आणि रात्री थांबल्यास सूर्योदयानंतर तीन तासांत, घरमालकाने आपल्यापुढील पदपथ मोकळा करावयाचा असतो. हिम रस्त्यावर लोटण्यासही मनाई आहे. म्हणजे पदपथावरून चालणार परके, पण तो स्वच्छ ठेवण्याचे कर्तव्य आपले.

दोनतीन घरांनी मिळून एकच यंत्र घ्यावे, असे कोणी सुचवील. विचार उत्तम, तथापि हिम सर्वांच्या दारी एकाच वेळी पडते आणि कामावर जाण्याची घाईही सर्वांस एकाच वेळी असते. मग प्रथम दार कोणाचे मोकळे करावे? ज्याने अधिक पैसे घातले त्याचे, की ज्यास बाहेर पडणे अधिक कठीण त्याचे? दुसरे उत्तर देण्याची मनाची तयारी नसेल, तर सामाईक यंत्र कलहास कारण होईल. अशा वेळी ज्याने त्याने आपले लहान यंत्र घ्यावे, हेच प्रामाणिकपणाचे.

देवळाचे आवार झाडणारा सेवेकरी केर शेजारच्या उंबऱ्यापुढे लोटीत नाही. तसे केल्यास त्याची सेवा अपुरी राहिली असे आपण म्हणू. हाच विवेक हिमाच्या देशातही लागू पडतो. यंत्राची शक्ती किती, हे विक्रेता सांगेल. त्याचे तोंड कोणाच्या दाराकडे वळवू नये, हे मात्र घेणाऱ्यानेच ठरवावयाचे आहे.