मुलूख आणि माणसे

मुलूख जिंकण्याची हौस मनुष्यजातीस केव्हा जडली हे सांगणे कठीण आहे. ती हौस पटावर उतरवून निरुपद्रवी करण्याची युक्तीही पुष्कळ जुनी असली पाहिजे. बुद्धिबळात शत्रूचा राजा कोंडावयाचा असतो. चीनमध्ये जन्मलेल्या आणि जपानात वाढलेल्या ‘गो’ या खेळात पटावरची मोकळी जागा वेढावयाची असते. आता हे पट संगणकाच्या आणि दूरध्वनीच्या पडद्यावर आले आहेत. घरातील मुले कोणा दूरदेशीच्या, कधीही न पाहिलेल्या प्रतिस्पर्ध्याशी रात्री उशिरापर्यंत मुलूखगिरी करीत असतात आणि ‘हा वेळेचा अपव्यय आहे’ एवढे म्हणून वडीलमंडळी तो विषय संपवितात. आम्हांस तो इतक्यावर संपविण्याजोगा वाटत नाही. या खेळातील नवशिक्यास जो पहिला धडा दिला जातो, त्यात नीतिशास्त्रातील एक जुना प्रश्न दडलेला आहे: जे राखता येते ते तेवढ्यानेच आपले होते काय?

उदाहरणादाखल ‘रिस्क’ हा प्रसिद्ध खेळ घेऊ. तो आल्बेर लामोरीस या फ्रेंच चित्रपटदिग्दर्शकाने योजिला आणि 1957 साली फ्रान्समध्ये ‘जगज्जय’ अशा अर्थाच्या नावाने तो प्रथम विक्रीस आला. एक लहान मुलगा आणि त्याच्यामागे फिरणारा तांबडा फुगा यांचा जो हृद्य बोलपट 1956 साली निघाला, तो याच गृहस्थाचा. एकाच मनातून तो कोमल बोलपट आणि हा जगज्जयाचा पट निघावा, यात नवल वाटण्याजोगे काही असले तरी विसंगत काही नाही. मनुष्याच्या अंतःकरणात दोहोंनाही जागा असते.

या पटावर पृथ्वीचे 42 प्रदेश आणि सहा खंड आहेत. प्रत्येक पाळीच्या आरंभी खेळाडूस नव्या फौजा मिळतात: हाती जितके प्रदेश असतील त्यांच्या तिसऱ्या हिश्शाइतक्या, पण तीनांहून कमी नाहीत. एखादे खंड सबंध हाती असेल तर जादा फौजा मिळतात. नवशिक्याचे लक्ष साहजिकच आशियाकडे जाते, कारण तेथील जादा फौजा सर्वांत अधिक, म्हणजे सात. परंतु आशियात बारा प्रदेश आहेत आणि त्यांपैकी पाचांवर बाहेरून चाल करून येता येते. उलट ऑस्ट्रेलिया खंडात प्रदेश चार, जादा फौजा दोनच. पण आत शिरण्याची वाट एकच, सयामहून इंडोनेशियात उतरणारी. म्हणून जाणते खेळाडू नवशिक्यास सांगतात की आधी लहान खंड घे. फौज सर्वत्र पेरू नकोस, तर नाक्यावर एकवट. आणि जिंकता येते म्हणून जिंकत सुटू नकोस, कारण पुढे सरकताना मागील प्रत्येक प्रदेशात निदान एक फौज ठेवावी लागते आणि अशी एकेकटी ठाणी शत्रूस आयतीच सापडतात. हिशेबही तसाच आहे. नऊ प्रदेशांवर तीन फौजा मिळतात, अकरांवरही तीनच. तेव्हा मधले दोन प्रदेश घेताना खर्च झालेली फौज पुष्कळदा वायाच जाते. मात्र पाळीत निदान एक प्रदेश जिंकला तर एक पत्ता मिळतो आणि पत्त्यांचा संच जुळला की पुन्हा फौजा मिळतात. म्हणून पाळीला एक प्रदेश घ्यावा आणि थांबावे. फाशांचा न्यायही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तीन फाशांनी दोन फाशांवर हल्ला केला तर पारडे किंचित हल्लेखोराकडे झुकते. एकास एक फासा पडू लागला की ते बचाव करणाराकडे जाते, कारण बरोबरी झाल्यास जीत त्याची मानली जाते. दमलेल्या फौजेने लढू नये, हा याचा अर्थ.

हे सारे ऐकताना आपल्या पूर्वजांच्या उपदेशाचा भास होतो. लोभ आवर, आवाक्याबाहेर हात घालू नकोस, पाठीमागचे सांभाळ आणि मग पुढे जा. 1758 साली मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या, पण पंजाब राखण्याइतके बळ तेथे ठेवता आले नाही; आणि 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर काय झाले ते मराठी माणसास सांगावयास नको. पटावरचा तो धडा इतिहासाने आपल्यास फार महाग शिकविला आहे.

परंतु येथेच थोडे थांबून विचारले पाहिजे की हा संयम म्हणजे नीती आहे काय? आमच्या मते नाही. तो शहाणपणा आहे, आणि शहाणपणा व नीती यांचे चेहरे इतके सारखे आहेत की एकीस पाहून दुसरी भेटली असे आपण समजतो. आशियावर चाल न करणारा खेळाडू आशियाचा आदर करीत नसतो; त्याची वेळ आलेली नसते इतकेच. शेजाऱ्याशी तह करणारा तो तह लाभ असेतोवर पाळतो. घरी समोरासमोर बसून खेळताना तह मोडणाऱ्यास निदान मित्राच्या नजरेला नजर द्यावी लागे; पडद्यावर समोर नाव असते, नजर नसते. बळ पुरेसे झाले की हाच संयमी खेळाडू सर्व पृथ्वी व्यापतो, आणि खेळाच्या नियमाने ते त्याचे कर्तव्यच असते. ‘झेपेल तेवढेच घे’ आणि ‘जे तुझे नव्हे ते घेऊ नकोस’ ही दोन वाक्ये पुष्कळ वाटभर सोबत चालतात. बळ वाढले की त्यांच्या वाटा फुटतात.

मग असा खेळ मुलांचे मन बिघडवितो म्हणून तो निषिद्ध ठरवावा काय? तेही आम्हांस मान्य नाही. खेळ निष्पाप आहे, आणि त्याच्या निष्पापपणाचे कारण सोपे आहे: त्या पटावर माणसे नाहीत. पडलेली फौज म्हणजे एक कमी झालेला आकडा. तिच्यामागे रडणारे कोणी नसते. हिंदुस्थान हा तेथे एकच तुकडा आहे. त्याच्या सीमा चीन, अफगाणिस्तान, मध्यपूर्व आणि सयाम यांना लागतात. त्यात ना गंगा, ना भाषा, ना पीक, ना कज्जा. तो जिंकला की काम संपले. धोका खेळात नाही; हे माणसांवाचूनचे नकाशे पाहण्याची सवय आपण खऱ्या जगात घेऊन येतो, तेथे तो आहे.

त्या एका तुकड्यात काय काय मावते याची कल्पना यावी म्हणून पूर्वेकडचा एकच कोपरा पाहावा. कलकत्त्यास वा बंगालच्या एखाद्या जिल्ह्यात नोकरी केलेल्या मराठी माणसाने तेथील आयांच्या तोंडचे ते अंगाईगीत ऐकले असेल, ज्यात ‘बर्गी’ आल्याची भीती घालून बाळाला निजवितात. हा ‘बर्गी’ म्हणजे आपला बारगीर. सरकारचा घोडा आणि सरकारी हत्यार घेऊन लढणारा स्वार. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा 1742 पासून 1751 पर्यंत बंगालवर वारंवार चालून गेल्या. त्यांच्या धास्तीने कलकत्त्याभोवती खणावयास घेतलेला खंदक कधी पुरा झाला नाही, पण त्याचे नाव तेथील एका गल्लीस अजून आहे. 1751 च्या तहाने अलीवर्दीखानाने सालीना बारा लाख रुपये चौथाई मान्य केली, सुवर्णरेखा नदी ही सीमा ठरली आणि ओरिसा भोसल्यांकडे आला. तो 1803 पर्यंत त्यांच्याकडे राहिला. पटाच्या भाषेत ही उत्तम चाल होती: प्रदेश मिळाला, उत्पन्न मिळाले, सीमेस नदी मिळाली. आपल्या बखरींच्या दृष्टीने तो पराक्रम. त्याच साली गंगाराम या बंगाली कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ रचले, त्यात पळणारी गावे आणि जळणारी घरे आहेत. दोन्ही खरे आहे. फरक इतकाच की एक नकाशावरून पाहिलेले आहे आणि दुसरे अंगणातून.

त्याच ओरिसात, भुवनेश्वरानजीक धौलीच्या खडकावर, याच प्रश्नाचे एक फार जुने उत्तर कोरलेले आहे. अशोकाने राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी कलिंग जिंकले. त्याच्या तेराव्या शिलालेखाप्रमाणे त्यात दीड लाख माणसे देशोधडीस लागली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कित्येक पट नाहीशी झाली. जेत्याने आपल्या जयाचा हिशेब माणसांत मांडावा, फौजांत नव्हे, हे इतिहासात दुर्मीळच. पण आम्हांस अधिक विचार करावयास लावते ते असे की हा तेरावा लेख खुद्द कलिंगातील धौली व जौगड येथे कोरलेला नाही. तेथे त्याच्या जागी निराळे लेख आहेत आणि ते तेथे नेमलेल्या महामात्रांस, म्हणजे अधिकाऱ्यांस उद्देशून आहेत. सर्व प्रजा माझी अपत्ये आहेत, असे राजा त्यांस कळवितो. कोणी विनाकारण कोंडला जाऊ नये, छळला जाऊ नये, असे बजावितो. आणि अधिकाऱ्याच्या हातून न्याय होत नाही तो कशामुळे, याची यादी देतो: मत्सर, क्रोध, निष्ठुरता, घाई, अनभ्यास, आळस आणि थकवा. सीमेपलीकडच्या, न जिंकलेल्या लोकांनी आपले भय बाळगू नये, त्यांस विश्वास वाटेल असे वागा, असेही तो सांगतो. आमचा नवशिका ज्या नाक्यावर फौज एकवटतो, तेथे अशोक भरवसा एकवटू पाहतो.

स्वप्रांतापासून दूर नेमणुकीवर असलेल्या वाचकांस यापुढचे सांगण्याची आवश्यकता नसावी. जिल्हा, विभाग, मंडल हे आपल्या हाती येतात तेही नकाशाच्या तुकड्यासारखेच. पदभाराच्या कागदावर सही केली की ‘चार्ज’ मिळाला. मग उद्दिष्टांचे तक्ते येतात, टक्केवारी येते, तीन वर्षांनी बदली येते आणि पुढचा तुकडा. त्या मुलुखाची भाषा कामापुरती शिकावी, लोक अर्जांपुरते ओळखावे आणि आपले घर मनाने पुण्यास वा नागपुरास ठेवावे, असे चालविणे शक्य आहे, आणि त्यात नियमाचा भंगही होत नाही. अशोकाच्या यादीत ‘थकवा’ हा शब्द आहे हे मात्र विसरता येत नाही. क्रौर्याने अन्याय करणारे थोडे. माणूस न पाहता कागद निकालात काढणारे पुष्कळ, आणि ते बहुधा सज्जनच असतात.

म्हणून मुलांस तो खेळ खेळू द्यावा असेच आम्ही म्हणू. त्यातून लोभ आवरण्याचा शहाणपणा त्यांनी अवश्य शिकावा. मात्र खेळ संपल्यावर एखादे दिवशी त्यांच्याशेजारी बसून पडद्यावरच्या त्या तुकड्यावर बोट ठेवावे आणि विचारावे, येथे कोण राहते? त्यांची भाषा कोणती? हा प्रदेश जिंकला त्या रात्री त्यांच्या घरी काय झाले असेल? खेळाच्या नियमांत याचे उत्तर नाही. ते शोधण्यासाठी आपणांस नेमणुकीच्या गावी बाजारात, कचेरीच्या ओसरीवर आणि शेजाऱ्याच्या अंगणात जावे लागते.