पाजणं आणि पिणं

माझी मुलगी एकतिसाव्या आठवड्यात जन्मली. वजन १३८० ग्रॅम. नाशिकच्या एका रुग्णालयात, काचेच्या पेटीत तिचे पहिले दिवस गेले. नाकातून पोटापर्यंत एक बारीक नळी होती. दर दोन तासांनी सिस्टर नळीला सिरिंज लावून तिच्यात आईचं दूध ओतायच्या. मुलगी गाढ झोपेत असली, तरी फीड पूर्ण व्हायचं.

मी सॉफ्टवेअरवाला. फोनवर शीट तयार केली : वेळ, मिली, वजन. रकाने भरलेले दिसले की जिवाला बरं वाटायचं.

चौतिसाव्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, आता तोंडाने सुरू करू. मला वाटलं, एक रस्ता बंद करून दुसरा उघडायचा, एवढंच. पण पिणं म्हणजे ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तीन कामं एका तालात करणं. गर्भातलं बाळ गिळतं, अंगठाही चोखतं. पण प्राणवायू नाळेतून मिळत असल्याने श्वासासाठी त्याला थांबावं लागत नाही. हा ताल साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान जुळू लागतो. लवकर आलेल्या बाळाला तो बाहेर, सगळ्यांसमोर शिकावा लागतो.

आधी ती आईच्या उघड्या छातीशी राहिली, दूध काढून घेतलेल्या स्तनाशी नुसतं चोखू लागली. मग सिस्टरांनी चोच असलेली स्टीलची छोटी वाटी आणली. त्या तिला पलाडाय म्हणत. माझी आई म्हणाली, "अगं बाई, हे तर आपलं बोंडलं!"

एका संध्याकाळी बोंडलं माझ्या हातात होतं. २० मिली पाजायचं होतं. १४ झालं आणि तिने तोंड फिरवलं. कपाळाला आठ्या, हाताची बोटं फाकलेली. मला मात्र उरलेले ६ मिली दिसत होते. वजन वाढल्याशिवाय घरी सोडणार नव्हते. मी बोंडलं जरा तिरकं केलं.

तिला ठसका लागला. ओठ निळसर झाले, मॉनिटर ओरडू लागला. सिस्टरांनी तिला झटकन उचलून कुशीवर घेतलं, पाठ चोळली. रंग परत आला. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, ती थांबली होती. तुम्ही नाही थांबलात."

उरलेलं दूध नळीने गेलं.

त्या रात्री झोप लागली नाही. मराठीत पिणं आणि पाजणं अशी दोन क्रियापदं आहेत. समोरचा पीत असेल तरच आपण पाजतो. तो पीत नसताना आपण करतो, ते ओतणं. नळी निदान उघडपणे ओतत होती. मी ओतत होतो आणि त्याला पाजणं म्हणत होतो. आपल्या प्रेमातलं, मदतीतलं किती काही असंच असतं?

मग सगळं तिच्यावर सोडायचं का? तेही नाही. असं बाळ भुकेलं असूनही झोपून राहू शकतं, रडून मागत नाही. तिच्या मर्जीची वाट पाहत बसलो असतो, तर रक्तातली साखर घसरली असती. म्हणून शिकण्याच्या दिवसांतही नळी काढली नव्हती. ती १४ मिलीवर थांबू शकत होती, कारण उरलेल्या ६ मिलीची सोय होती.

कुणाचा नकार मानायचा, तर त्या नकाराची किंमत त्याच्या जिवावर पडणार नाही, अशी व्यवस्था आधी लागते. १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या सायन रुग्णालयात आशियातली पहिली मानवी दूधपेढी सुरू केली. तीही मला अशीच सोय वाटते. एखाद्या आईला अजून दूध आलं नसेल, तर दुसऱ्या आईचं दूध तोवर तिच्या बाळाला सांभाळतं.

शेजारच्या पेटीतल्या बाळाचे वडील रोजंदारीवर जाणारे होते. ते रोज विचारायचे, "अजून किती दिवस?" माझ्याकडे पगारी रजा होती, विमा होता. तरीही घाई मीच केली. त्यांनी केली असती, तर मी त्यांना अधीर म्हणू शकलो असतो का? धीर हा नुसता स्वभाव नसतो. तो परवडावाही लागतो.

काही दिवसांनी ती थेट आईच्या अंगावर पिऊ लागली. चार घोट, थांबणं, श्वास, पुन्हा चार घोट. मी सवयीने फोन काढला. वेळ लिहिली. किती मिली, ते कळायला मार्ग नव्हता. तो रकाना रिकामा ठेवला आणि फोन खिशात टाकला.