ओळख न देणारा देव

पीठापूरच्या सुमतीच्या घरी त्या दिवशी श्राद्ध होतं. अमावास्या. ब्राह्मणांना आमंत्रण गेलेलं, स्वयंपाक तयार, पण पानावर अजून कुणी बसलेलं नाही. अशा वेळी एक अतिथी दारात येतो आणि भिक्षा मागतो. श्राद्धाचं अन्न ब्राह्मण जेवल्याशिवाय दुसऱ्या कुणाला द्यायचं नसतं, हे त्या घरातल्या बाईला ठाऊक नसेल असं होणार नाही. तरीही ती उठते आणि भिक्षा वाढते. मग अतिथी आपलं रूप प्रकट करतो. तो दत्त असतो, आणि पुढे तिच्याच पोटी श्रीपाद श्रीवल्लभ म्हणून जन्म घेतो.

गुरुचरित्राच्या पाचव्या अध्यायातली ही कथा पारायणाला बसणाऱ्या घरांत अवताराची कथा म्हणून वाचली जाते. मला ती आधी एका बाईनं घेतलेल्या निर्णयाची कथा वाटते. समोर उभा आहे तो कोण, हे तिला कळलेलं नाही. कळलं असतं तर भिक्षा घालण्यात विशेष काही उरलं नसतं. देव आलाय म्हटल्यावर ताट कोण वाढणार नाही?

आपल्याकडे देवाच्या अवतारांची चर्चा बहुधा यादीच्या अंगानं होते. विष्णूचे दहा की चोवीस, शंकराचे किती, पूर्णावतार कोणता, अंशावतार कोणता. दत्ताच्या बाबतीत ही यादी विशेष लांब आणि विशेष जवळची आहे. श्रीपाद श्रीवल्लभ, त्यांच्यानंतर कारंज्याला जन्मलेले नृसिंह सरस्वती, आणि मग थेट आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या काळात येणारी नावं: हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू, 1878 साली समाधिस्थ झालेले अक्कलकोटचे स्वामी समर्थ, 1854 साली माणगावात जन्मून 1914 साली नर्मदाकाठी गरुडेश्वरला देह ठेवणारे टेंबेस्वामी. शिर्डीच्या साईबाबांनाही अनेक घरांत दत्तावतार मानतात. राम-कृष्णांचं युग केव्हाच मागे पडलं. इथे मात्र देव इंग्रजी अमदानीत गावोगाव हिंडतो आहे. एवढ्या अलीकडे, एवढ्या वेळा, माणसाच्याच रूपात येणारा दुसरा देव महाराष्ट्रात नाही. तो इतकी रूपं कशासाठी घेतो, हा प्रश्न म्हणूनच दत्तापाशी सर्वांत टोकदार होतो.

एक उत्तर नेहमीचं: भक्तांच्या उद्धारासाठी. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. उद्धार करायचा तर देवानं देवासारखं यावं, ओळखता येईल असं. दत्त तसा येत नाही. त्याच्या जवळजवळ प्रत्येक जुन्या कथेत तो आधी ओळख लपवतो.

मार्कंडेय पुराणातला दत्त पाहा. मुनिकुमार त्याचा पिच्छा सोडत नाहीत म्हणून तो सरोवरात बुडी मारून दीर्घकाळ पाण्याखाली राहतो. तरी ते काठावर बसूनच. मग तो एका सुंदर स्त्रीला घेऊन वर येतो, तिच्यासोबत मद्य पितो, की आता तरी हे विटून निघून जातील. पुढे दैत्यांकडून हरलेले देव मदतीसाठी येतात, तेव्हा त्यांनाही तो बजावतो की मी मद्यासक्त आहे, उष्ट्या तोंडाचा आहे, माझ्यासारख्याकडे कशाला आलात? कार्तवीर्य अर्जुनाच्या वाट्याला हीच परीक्षा येते. तो न बिचकता सेवा करतो आणि सहस्र बाहू मिळवतो. आज देवघरातल्या तसबिरीत दिसणारा दत्त, तीन शिरं, सहा हात, मागे गाय, पायाशी चार कुत्रे, वर औदुंबर, या पुराणातल्या दत्तापेक्षा कितीतरी सोज्वळ आहे. तीन तोंडांची ही मूर्ती नंतर रूढ झाली. महानुभावांनी दत्ताला आपल्या पंचकृष्णांत स्थान दिलं ते एकमुखी दत्ताला, आणि पुरंदरजवळच्या नारायणपूरला आजही एकमुखी दत्तच पुजला जातो. त्रिमूर्तीची कल्पना भव्य आहे, तिनं शैव-वैष्णवांचं भांडण एका पाषाणात मिटवलं, हे मान्य. पण तिनं एक गोष्ट हरवलीही. तीन तोंडांचा देव कुणीही लांबून ओळखतो.

भागवताच्या अकराव्या स्कंधातला अवधूत याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. यदुराजा त्याला विचारतो, तू असा निश्चिंत कसा? तो उत्तर देतो की मला चोवीस गुरू आहेत. मूळ संस्कृतात त्या अवधूताचं नाव येत नाही. परंपरेनं तो दत्तच मानला. गुरूंची यादी पृथ्वी, वारा, आकाश अशी सुरू होते आणि बघता बघता खाली उतरते: अजगर, मधमाशी, कोळी, बाण घडवणारा कारागीर, विदेहनगरीतली पिंगला वेश्या. एक कुमारिका आहे. घरची माणसं बाहेर गेलेली असताना तिला पाहायला पाहुणे येतात. त्यांच्यासाठी ती आत भात कांडायला बसते, तर हातातल्या काकणांचा आवाज होतो. घरात कांडपाला कुणी नाही, हे पाहुण्यांना कळू नये म्हणून ती एकेक काकण उतरवते आणि प्रत्येक हातात एकच ठेवते. गरिबी झाकण्याची ती धडपड कुणीतरी उंबऱ्याशी उभं राहून पाहिली आणि तिला गुरू म्हटलं. एकनाथांनी या स्कंधावर टीका लिहिली आणि ती 1573 साली काशीत पुरी केली. मराठी माणसाला हा अवधूत भेटला तो नाथांच्या ओव्यांतून. दत्ताच्या रूपांबद्दल बोलताना मी या चोवीसांना वगळू शकत नाही. जो स्वतः इतक्या रूपांत येतो, तो समोरच्या प्रत्येक रूपात आधी गुरू पाहतो. पिंगलेच्या दारातून जाताना त्याला वेश्या दिसली नाही असं नाही. वेश्या दिसली, आणि गुरूही दिसला.

नाथांचा आणि दत्ताचा संबंध पुस्तकापुरता नाही. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, निजामशाहीच्या चाकरीतले. स्वामींचे गुरू चांद बोधले, असं परंपरा सांगते. चरित्रकारांनी थोड्याफार फरकानं एक प्रसंग रंगवला आहे. जनार्दनस्वामींना भेटायला दत्त येतो तो मलंगाच्या, म्हणजे मुसलमान फकिराच्या वेशात. स्वामी त्याच्याबरोबर बसून जेवतात. तरुण एकनाथ बिचकतात. पैठणच्या ब्राह्मण घरात वाढलेल्या मुलाला ते ताट पाहवत नाही. इतक्या मोठ्या संताला त्याच्या चरित्रकारांनी या जागी बिचकलेलं दाखवलं, याचं मला मोल वाटतं. ओळखणं सोपं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं.

आणि आता तोच एकनाथ पैठणला आपल्या घरी. श्राद्धाचा दिवस. स्वयंपाकाचा वास रस्त्यावर गेला आहे आणि बाहेरून जाणाऱ्या अस्पृश्य कुटुंबातली पोरं भुकेनं कळवळली आहेत. नाथ ते सगळं अन्न त्यांना वाढतात. ब्राह्मण संतापतात, बहिष्काराची भाषा होते. सुमतीच्या कथेशी या प्रसंगाचं किती सख्य आहे पाहा: तेच श्राद्ध, तोच नियम, ब्राह्मण जेवण्याआधी तेच अन्न दाराशी आलेल्याला. फरक एकच. पैठणला जेवून उठलेल्यांपैकी कुणीही शंख-चक्र-त्रिशूळ घेऊन प्रकट झालं नाही. कथेत पुढे पितर स्वतः येऊन जेवतात, हा चमत्कार आहे, पण ती भुकेली माणसं माणसंच राहतात. पोट भरून आपल्या वस्तीत परत जातात. माझ्या मते दत्ताच्या रूपांची गोष्ट इथे तिच्या टोकाला पोचते. सुमतीला शेवटी खूण पटली, नाथांना खूण नको होती. देवगिरीवर मलंगाच्या ताटाशी अडखळलेला मुलगा इथपर्यंत आला, आणि अवतारकल्पनेनं माणसावर काही संस्कार केला असेल तर तो याहून मोठा मी पाहिलेला नाही.

दत्तसंप्रदायानं मूर्तीपेक्षा पादुकांना अधिक मान दिला, त्याचाही या गोष्टीशी संबंध असावा असं मला वाटतं. औदुंबरला विमल पादुका, नरसोबाच्या वाडीला मनोहर पादुका, गाणगापूरला निर्गुण पादुका. पाय येऊन गेल्याची खूण आहे, चेहरा नाही. वाडीला पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेला पूर येतो तेव्हा उत्सवमूर्ती वर हलवतात, पादुका तिथेच राहतात. पाणी चढत जातं, पादुकांवरून वाहतं आणि मंदिराच्या दक्षिण दारातून बाहेर पडतं. त्या पाण्यात स्नान करायला माणसं रात्री-अपरात्री धावत येतात. दक्षिणद्वार सोहळा. ते देऊळ विजापूरच्या आदिलशहानं बांधून दिल्याचं वाडीला आजही सांगतात. चेहरा नसलेल्या देवाला कुणाचा म्हणायचं, हे ठरवणं अवघड होतं. गिरनारच्या शिखरावर सुमारे दहा हजार पायऱ्या चढून मराठी भक्त ज्या पादुकांवर डोकं ठेवतो, त्याच ठिकाणी जैन भाविक नेमिनाथांचं स्मरण करतो. चिकमगळूरजवळच्या बाबाबुडनगिरीच्या गुहेत कुणी दत्तात्रेयाचं पीठ पाहतं, कुणी दादा हयात कलंदरांचं स्थान. दोन्ही ठिकाणचे वाद आता कोर्टापर्यंत गेले आहेत. मालकीचा निकाल कोर्ट देईल, तो त्याचा अधिकार आहे. पण ज्या देवाची कीर्ती मलंगाच्या वेशात फिरण्याची, त्याच्या नावानं फकिराला बाहेर काढायची भाषा होते तेव्हा मला त्रास होतो, आणि तो दत्तभक्त म्हणूनच होतो.

गुरुचरित्र स्वतःही या बाबतीत निर्मळ नाही, हे सांगितलं पाहिजे. एका अध्यायात नृसिंह सरस्वती रस्त्यानं जाणाऱ्या अंत्यजाला बोलावतात, जमिनीवर सात रेघा ओढवून घेतात. प्रत्येक रेघ ओलांडताना त्याला एकेक मागचा जन्म आठवतो आणि सातवी ओलांडल्यावर तो वेदांवर बोलू लागतो. गर्विष्ठ पंडितांची वाचा बसते. वाचता वाचता अंगावर काटा येतो. आणि लगेच पुढे? त्याला घरी परत जायचं नसतं. बायको-मुलं येऊन उभी राहतात. मग त्याच्या अंगाची विभूती धुऊन टाकली जाते, त्याला सगळं विसरायला होतं, आणि तो होता तिथे परत जातो. सात रेघा ओलांडल्या होत्या, त्या पुन्हा आखल्या गेल्या. ग्रंथकार सरस्वती गंगाधर स्वतः कानडी मुलखातला, मराठी आपली भाषा नाही असं नम्रपणे सांगून मराठीत ओव्या रचणारा. भाषेची रेघ त्यानं ओलांडली, वर्णाची त्याला ओलांडता आली नाही. याच ग्रंथाच्या पारायणाला बायकांनी बसू नये असं कित्येक घरांत सांगितलं जातं, जणू त्यातली सुमती कुणी वाचलेलीच नाही.

पण त्याच ग्रंथात बेदरचा राजाही आहे, आणि मी या ग्रंथाशी भांडूनही पुन्हा पुन्हा त्याच्याकडे जातो तो या राजासाठी. मागल्या जन्मी हा कुरवपूरचा परीट. नदीवर राजाचा थाट पाहून त्याचं मन चळलं. श्रीपाद श्रीवल्लभांनी त्याला यवनकुळात राज्य मिळेल असा वर दिला. पुढे बेदरला तो राजा झाला. मांडीवर फोड उठला, बरा होईना, शोध घेत घेत तो नृसिंह सरस्वतींपाशी आला. दुसरा जन्म, दुसरा धर्म, दुसरं नाव, अंगावर राजवस्त्रं. आणि स्वामी त्याला परीट म्हणूनच हाक मारतात, इतके दिवस कुठे होतास असं विचारतात. इथे रूप बदलून आलेला माणूस आहे आणि ओळखणारा देव. सगळ्या दत्तकथांत मला हा प्रसंग सर्वांत प्रेमळ वाटतो.

गाणगापूरला दत्त रोज दुपारी भिक्षेला येतो, अशी श्रद्धा आहे. म्हणून तिथे आलेले यात्रेकरू, घरचे खाऊनपिऊन सुखी असलेले, झोळी किंवा ताट घेऊन पाच घरी माधुकरी मागतात, आणि काही जण त्याच वेळी अन्न वाटायला उभे राहतात. देव यातल्या कुठल्या झोळीतून मागतोय हे कळण्याचा मार्ग नाही, म्हणून प्रत्येक झोळीत घालायचं. मला ही प्रथा अतिशय शहाणी वाटते. मात्र इथून परतलेले भक्तच दुसऱ्या कुठल्या देवळाबाहेर वर्षभर हात पसरून बसणाऱ्यांना धंदेवाईक म्हणून हाकलतात, हेही मी पाहिलं आहे. सोवळ्यातल्या पाहुण्याच्या झोळीत दत्त शक्य असतो आणि रोजच्या भिकाऱ्याच्या कटोऱ्यात नसतो, हा निवाडा कोणत्या अध्यायाच्या आधारावर करायचा, ते त्यांनी मला दाखवावं. बावन्न अध्याय मी वाचले आहेत, मला तो सापडलेला नाही.